बारशाआधीचे कागद

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बातमी सांगताना तुझा आवाज कापत होता. सातवा महिना लागला, आई डिंकाचे लाडू घेऊन पुण्याहून निघायच्या तयारीत, सगळं ऐकून मन भरून आलं. फोन ठेवता ठेवता तू सहज विचारलंस, "काकू, बाळाचा जन्मदाखला हॉस्पिटलच देतं ना?" त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितेय.

जर्मनीत हॉस्पिटल दाखला देत नाही. ते फक्त श्टांडेसआम्टला, म्हणजे नोंदणी कार्यालयाला, जन्म कळवतं. ही खबर एका आठवड्यात जावी लागते. दाखला श्टांडेसआम्ट देतं आणि त्याआधी तुम्हा दोघांचे पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचा दाखला मागतं, तेही शपथबद्ध अनुवादकाने केलेल्या जर्मन भाषांतरासकट. मराठीतून थेट जर्मनमध्ये करणारे अनुवादक मोजकेच, म्हणून भारतातल्या दाखल्यांची इंग्रजी प्रत आधी मिळव.

आणि ते दाखले नीट वाच. आपल्याकडे कित्येकांच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी असते, कारण जन्माची नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि पुढे कुणी पालिकेत जाऊन नाव घातलंच नाही. तुझ्या बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे का सासरचं? लग्नाच्या दाखल्यात तुझ्या वडिलांचं नाव कुठल्या स्पेलिंगने आहे? तिकडे असल्या फरकाकडे कुणी पाहत नाही. इथे एका अक्षराने माणूस वेगळा ठरू शकतो.

हे मला पाठ आहे, कारण चौदा वर्षांपूर्वी आमचं घोडं इथेच अडलं. लग्नाच्या दाखल्यात यांच्या नावात एक 'एच' जास्त होता आणि माझं नाव सासरचं, पासपोर्टवर मात्र माहेरचं. चूक आमचीच, लग्नानंतर दाखला फाईलमध्ये ठेवला तो उघडून पाहिलाच नाही. लेक झाली तेव्हा पूर्ण दाखल्याऐवजी जन्मनोंदीचा उतारा हातात आला आणि त्यावर शेरा, आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही. बाळ मांडीवर, दूध पाजतेय, आणि कागद म्हणतोय की मी कोण ते ठाऊक नाही. दुरुस्तीसाठी दीर साताऱ्यात हेलपाटे घालत होते. पक्का दाखला नाही म्हणून पासपोर्टचं काम पुढे सरकेना, पासपोर्ट नाही म्हणून प्रवास नाही. माझ्या वडिलांनी नातीला फक्त फोटोत पाहिलं. आम्ही पोचलो तेव्हा ते नव्हते.

म्हणून आत्ताच म्हणतेय. अजून दोन-अडीच महिने हातात आहेत.

आता नावाचं. तुझी आई म्हणणार, बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करेल तेव्हाच नाव ठरेल. जर्मन कायद्यातही त्याला जागा आहे. जन्माची खबर आठवड्यात द्यायची, पण नाव महिन्याभरात कळवलं तरी चालतं. तरीही माझं मत विचारशील तर नाव आणि स्पेलिंग तुम्ही दोघांनी आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. नाव कळवेपर्यंत दाखला सहसा निघत नाही आणि त्याच्यामागे बाकी सगळंच थांबतं. आत्याचा मान त्याने कमी होत नाही, पाळण्यापाशी पहिल्यांदा नाव उच्चारायचा हक्क तिचाच.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घे. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथे मधलं नाव असा प्रकार नाही, आडनावाआधीचं सगळं बाळाचं स्वतःचं नाव मानलं जातं. मुलगी झाली आणि तिच्या नावापुढे तुझं नाव लावलंत, तर मुलीला पुरुषाचं नाव कसं, असा प्रश्न येऊ शकतो. श्टांडेसआम्टमध्ये वेळ घेऊन हे समोरासमोर बोल. जे ठरेल तेच जर्मन दाखल्यावर आणि तेच भारतीय पासपोर्टवर, अक्षर न् अक्षर. आणि 'जे'ने सुरू होणारं नाव ठेवणार असाल, तर इथे त्याचा उच्चार 'य' होतो हे लक्षात असू दे.

जर्मन दाखला हातात आला की तुझे मित्र म्हणतील, झालं काम. इथेच मला तुझी सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाळ जर्मनीत जन्मलं म्हणून जर्मन होत नाही. त्यासाठी जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी एकाचा इथे पाच वर्षांचा कायदेशीर वास आणि कायम निवासाचा परवाना लागतो. तुम्हाला तीनच वर्षं झालीत. मग ते भारतीय, पण तेही आपोआप नाही. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे की परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत झाली तरच त्याला वंशाने नागरिकत्व मिळतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं तुम्हा दोघांना लिहून द्यावं लागतं. वर्ष मोठं वाटतं, पण रात्री जागणाऱ्या घरात ते कसं सरतं ते मी पाहिलंय. दुसऱ्या महिन्यातच अर्ज टाक. तुमचं श्टुटगार्ट म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. जन्मनोंद आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत, एक झालं म्हणजे दुसरं झालं असं समजू नकोस. पासपोर्टच्या अर्जावर सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. बाळ झोपलेलं असताना घे, मूठ सैल असते.

बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत पोचला पाहिजे, पासपोर्ट हातात आला नसला तरी लेखी कळवून ठेव. एल्टर्नगेल्ड, म्हणजे आईवडिलांना मिळणारा सरकारी भत्ता, मागे जाऊन फक्त तीन महिन्यांचं मिळतं, तो अर्ज लांबवू नकोस. आरोग्य विम्यालाही लगेच कळव.

आज संध्याकाळी दोघांचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांड. बायकोला वाचायला लाव, तू स्पेलिंग ताडून बघ. मग सगळ्यांचे फोटो मला पाठव, मीही एकदा नजर टाकते.

तुझी,
काकू