मुदत नकारापासून मोजतात, नोटिशीपासून नाही

परभणीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वडिलांनी जमवलेल्या जुन्या डाय-कास्ट, म्हणजे धातू ओतून केलेल्या खेळण्यातल्या, मोटारींपैकी 61 गाड्या त्यांनी जानेवारी 2022 मध्ये संभाजीनगरच्या एका ओळखीच्या हॉटेलमालकाला दर्शनी काचेच्या कपाटात मांडायला दिल्या. 2023 च्या दिवाळी पाडव्याला त्या परत मागितल्या, तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'त्या आता हॉटेलच्याच समजा, परत मिळणार नाहीत.' पुढे मध्यस्थ झाले, फोनवर 'देतो, देतो' झालं, पण गाड्या काही आल्या नाहीत. आता ते विचारतात, 'रीतसर वकिलाची नोटीस दिली तर तिथून पुढे तीन वर्षं मिळतील ना?'

नाही मिळणार. हाच प्रश्न मला सतत येतो, वस्तू तेवढी बदलते. कुणाची ट्रॅक्टरची ट्रॉली असते, कुणाची आईची चांदीची भांडी, कुणाची पेटी. आणि प्रत्येकाला वाटतं की आपण नोटीस काढू तेव्हा मुदत सुरू होईल.

सांभाळायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवायच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याने तीन वर्षं दिली आहेत, आणि ती मोजायची मागणीनंतर नकार मिळाला त्या तारखेपासून. अनुच्छेद 70 तसा स्पष्ट आहे. तुम्हाला मिळालेला नकार 14 नोव्हेंबर 2023 चा, लेखी, तारीखवेळेसकट. तो दिवस सोडून मोजलं तर 14 नोव्हेंबर 2026 ला मुदत संपते. समोरच्या वकिलाने दुसरा अनुच्छेद पुढे केला, तरी तुमच्या कागदावरून तारीख बहुधा हीच निघेल. एकदा सुरू झालेली मुदत पुन्हा मागणी केल्याने नव्याने सुरू होत नाही. मध्यस्थांच्या बैठकीने किंवा पोलिसांकडे दिलेल्या अर्जाने ती थांबतही नाही.

उशीर माफ करून घेऊ, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मुदतीच्या कायद्यातलं उशीर माफ करण्याचं कलम 5 अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. उलट, समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणं कलम 3 प्रमाणे कोर्टावर बंधनकारक आहे. आणि कलम 27 त्याहून कडक आहे. मुदत गेली की त्या वस्तूवरचा हक्कच संपतो. वडिलांच्या गाड्या समोर काचेत दिसत राहतील आणि त्या माझ्या आहेत, असं म्हणायची सोय तुम्हाला राहणार नाही.

14 नोव्हेंबर 2026 ला दुसरा शनिवार आहे, आणि त्या सुमाराला कोर्टाला दिवाळीची सुट्टी असते. कोर्ट बंद असताना मुदत संपली, तर उघडल्या दिवशी दावा दाखल करता येतो, हे खरं. त्याच्या भरवशावर राहू नका. दसऱ्याच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. खाजगी माणसाविरुद्ध आधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. द्यायचीच तर पंधरा दिवसांची द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि तिच्यात 2023 ची मागणी व नकार जसे झाले तसे लिहा. आज पहिल्यांदाच मागतो आहोत असं भासवाल, तर तो मेसेज त्याच्याही फोनमध्ये आहे.

मागच्या वर्षी त्याने पाठवलेल्या 'दिवाळीनंतर बघू' या मेसेजवर तुमची भिस्त दिसते. मुदत नव्याने सुरू व्हायला जबाबदारीची लेखी आणि सहीनिशी कबुली लागते, तीही मुदतीच्या आत. 'बघू' ही कबुली आहे का, आणि मेसेजला सही म्हणायचं का, या दोन्हींवर वाद होईल. तो वाद अंगावर घ्यायची काहीच गरज नाही.

तुमची बाजू मुळात कशामुळे टिकते, तर त्याने लिहून दिलेल्या शंभराच्या स्टॅम्पवरच्या एका ओळीमुळे: 'मालक मागतील तेव्हा गाड्या विनातक्रार परत करीन.' इथे एक वर्षासाठी किंवा अमुक तारखेपर्यंत असं काही असतं, तर तेवढा काळ संपताच न मागता परत देणं करार कायद्याच्या कलम 160 प्रमाणे त्याचं कर्तव्य होतं, आणि ताबा तेव्हापासूनच बेकायदा झाला असा युक्तिवाद करून त्याने मुदत आधीच संपवून दाखवली असती.

पण त्याच कागदावर वरच्या ओळीत काय आहे? 'जुन्या खेळण्यातल्या गाड्या, नग 61.' बस्स. वडिलांनी आयुष्यभर जमवलेली वस्तू तुम्ही कांद्याच्या गोण्यांसारखी नगावर मोजून दिलीत, याचा मला मनापासून राग आला. कोर्ट परत देववतं ते ओळखता येणारी नेमकी वस्तू. उद्या त्याने बाजारातल्या नव्या 61 गाड्या टेबलावर ठेवल्या तर तुम्ही काय दाखवणार?

म्हणून आजच बसून यादी करा. गाडी उलटी केली की तिच्या तळावर तिची ओळख असते. लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्यांवर कंपनीचं नाव, 'मेड इन इंग्लंड' आणि क्रमांक ओतलेले असतात. कॉर्गी आणि डिंकी या कंपन्यांच्या गाड्यांच्या तळावर आपापली नावं असतात. डिंकीच्या जुन्या साच्यांवर कलकत्त्यात निघालेल्या निकी टॉईजवर निकी हे नाव असतं. मॅचबॉक्सची चाकं साधी की 1969 पासूनची जलद फिरणारी 'सुपरफास्ट', रंग कुठे उडाला आहे, खोका आहे का, हे प्रत्येक गाडीपुढे लिहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत निळ्या गाडीच्या उजव्या मडगार्डवर रंग उडून राखाडी धातू दिसतो आहे. ती खूण लाख मोलाची आहे. वडिलांनी जुने फोटो काढले असतील, खोके घरी राहिले असतील, तर ते दाव्यासोबतच्या फेरिस्तीत, म्हणजे कागदपत्रांच्या यादीत, लावा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. फोन बदलू नका, विकू नका.

दाव्यात गाड्याच परत मागा. पैसे ही पर्यायी मागणी ठेवा. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 8 मध्ये अशा वस्तूंना आधार आहे. पैशाने भरपाई पुरेशी होत नाही असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर असतं. लेस्नी 1982 मध्ये बुडाली, डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. या गाड्या नव्याने कुठून आणणार, हा तुमचा साधा आणि बिनतोड मुद्दा आहे. दोन गाड्या नेटवर विकायला आल्या म्हणता, तर दाव्यासोबतच विक्रीला तात्पुरता मनाई हुकूम मागा आणि गाड्यांची पाहणी करून यादी करायला कोर्ट कमिशनर मागा. हा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात, पुढे निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त, आणि तोवर कपाट रिकामं झालं तर हातात नुसता हुकूमनामा उरतो. या दिरंगाईचा फायदा नेहमी ताब्यात असलेल्यालाच होतो, आणि आमची कोर्टं ते बदलायची घाई करत नाहीत.

मोठ्या काचेतल्या उन्हाने रंग विटल्याची भरपाई कदाचित मिळेल. साधारण शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी होती. मात्र विटण्याआधीचा पुरावा तुमच्याकडे किती आहे, त्यावर ते ठरेल.

फौजदारी तक्रार विश्वासघाताची होऊ शकते. पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून हात झटकतील अशीच शक्यता जास्त. द्यायची तर द्या, पण घटना 2023 ची, म्हणजे जुना दंड कायदा लागू, आणि त्या गुन्ह्याची दखल घेण्यालाही साधारण तीन वर्षांचीच मुदत आहे.

'पुरातत्त्व खात्याला कळवतो' या त्याच्या धमकीला घाबरू नका. 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरायला अशी वस्तू किमान 100 वर्षांची लागते. डिंकीचं नावच 1934 चं आहे.

शेवटची गोष्ट, वडील गेल्यावर या गाड्यांवर तुमच्या बहिणीचाही हक्क आहे. त्यांना वादी म्हणून सोबत घ्या, म्हणजे तो आक्षेप उरणार नाही. हॉटेलमालक संभाजीनगरला राहतो आणि व्यवसायही तिथेच करतो, म्हणून दावा तिथल्याच दिवाणी न्यायालयात टाकणं सुरक्षित. बहिणीची वकीलपत्रावर सही या आठवड्यात घ्या.