कोकणातला पहिला पावसाळा आणि घरात येणारी जनावरं

मृगाचा पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी शिरतं, उंदीर-बेडूक घराच्या आडोशाला येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारेही येतात. शहरातून, परदेशातून इथे नव्याने राहायला आलेल्यांची पत्रं याच दिवसांत येतात. त्यांतल्या काहींना ही उत्तरं.

माझी सून आयर्लंडची. घरून काम करते म्हणून मुलासोबत आमच्याकडे दापोलीला राहायला आली आहे. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात तपकिरी साप निघाला. अंगावर पांढरट पट्टे, डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. शेजाऱ्यांनी तो मारला. तेव्हापासून ती रात्रभर दिवा लावून बसते. तिची समजूत कशी घालू?

आयर्लंडच्या रानात साप नाहीतच. तिची भीती खरी आहे, ‘काही होत नाही गं’ म्हटल्याने ती जाणार नाही. तिला माहिती द्या. वर्णनावरून तो कवड्या वाटतो. बिनविषारी असतो, पाली खायला भिंतीवरही चढतो. त्याच्यासारखी दिसणारी मण्यार मात्र जहाल विषारी. ती काळी-निळसर, चकचकीत असते. तिचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेपाशी पुसट किंवा नसलेलेच आणि शेपटीकडे स्पष्ट. म्हणजे कवड्याच्या नेमकं उलट. हा फरक तिला चित्रावर दाखवा. जिवंत सापाजवळ जाऊन पट्टे बघत बसायचं नाही.

मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की कित्येकदा झोपही मोडत नाही. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. हे सगळं सूनबाईंना स्वतःच्या हातांनी करू द्या. स्वतः खोचलेल्या मच्छरदाणीत माणूस लवकर झोपतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आणि पुढच्या वेळी साप मारू नका. लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

ठाण्याहून येऊन देवगडजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, घर बांधतोय. चिरे वर्षभर अंगणात रचलेले आहेत. गडी हात घालायला तयार नाहीत, म्हणतात खाली फुरसं असेल. खरंच असतं का?

असतं. गड्यांचं ऐका. फुरसं हा विषारी साप, जेमतेम दीड-दोन वीत लांब, रंग जांभ्याच्या मातीचा. मी एकदा आमच्या आवारातला चिरा उलटला, तर खाली नुसती माती दिसली. मग ती माती हलली. अंगाची वळकटी करून खवले खवल्यांवर घासत ते ‘खर्र खर्र’ करू लागलं, कोरड्या लाकडावर करवत फिरवावी तसं. हा आवाज आला की जागच्या जागी थांबा, ते कुठे आहे ते पाहा आणि मग मागे सरा.

ढिगात हात घालू नका. पहारीने चिरा आपल्याकडे कलता करा, म्हणजे खालचं जनावर पलीकडून निघून जातं. पायात गमबूट हवेत. रात्री अंगणातही बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. आणि उरलेले चिरे घरापासून दूर रचा. भिंतीला टेकवलेला ढीग उंदरांना आणि फुरशांना सारखाच आवडतो.

कुणाला पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नका. अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. तरीही ते पातळच राहिलं तर विष भिनलं आहे हे कळतं. सुरुवातीला नुसती सूज दिसते आणि काही तासांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागतं, म्हणून ‘बघू उद्या’ कधीही म्हणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष लस चालते. ती तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

मुलाच्या बुटात विंचू निघाला. चावला तर कांदा चोळायचा, असं इथे सांगतात. चालेल?

नाही. कोकणातला लाल विंचू लहान मुलांचा जीव घेऊ शकतो. दंशानंतर उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणं ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं आहेत. पुढे फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या दवाखान्यात रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून हे टिपलं आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने असंख्य माणसं वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी वेळेत मिळायला हवी, म्हणून कांदा शोधण्यात वेळ घालवू नका. आणि बूट रोज उलटे करून आपटा.

भिंतीवर शेकडो तपकिरी किडे चढतात, हात लावला की गोल गुंडाळतात.

ते पैसे किंवा वाणी नावाचे किडे, कुजलेला पाला खाणारे. चावत नाहीत. केरसुणीने सुपलीत घ्या आणि माडाच्या आळ्यात टाका, तिथे ते खत करतील. औषध मारू नका.

माळ्यावर रात्री कुणीतरी धावतं, कौलं सरकतात. मुलं रडतात.

बहुधा कांडेचोर, म्हणजे मांजराएवढा, रात्री हिंडणारा रानटी प्राणी. सकाळी पत्र्यावर किंवा गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर नक्की तोच. फळं खातो, उंदीर खातो, माडीच्या मडक्यातही तोंड घालतो. मुलांवर धावून येत नाही. मुलांना खिडकीतून बॅटरीच्या उजेडात त्याचे चमकणारे डोळे एकदा दाखवा. पिंजरा लावू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. कौलावर टेकलेली फांदी तोडा. फट बुजवायची असेल तर आत पिल्लं नाहीत ना, हे आधी दिवसा वर चढून बघा. असतील तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा.