सामूहिक ॐकारामुळे हॉल तापतो, ध्यानात तळहात गरम होतात: ही मंत्राची उष्णता आहे का?

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्यात. गावातल्या पत्र्याच्या सभामंडपात सकाळी पन्नासेक माणसं तासभर ॐकार करतात आणि भिंतीवरचा थर्मामीटर दोन अंश चढतो. ध्यानात तळहात, कान गरम होतात. आणि वर्ग घेणारे महाराज सांगतात की उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, आवाजानंही रेणूच हलतात, म्हणजे मंत्र हीच उष्णता. मी परभणीत अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात हरिपाठालाही बसतो, त्यामुळं हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो.

थोडक्यात सांगायचं तर थर्मामीटर खोटं बोलत नाही, तुमचे तळहातही नाहीत. फक्त ती ऊब मंत्राची नसून माणसांची आहे.

आधी हॉल घेऊ. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. खाल्लेल्या भाकरीचं शेवटी तेच होतं. जप करा, झोपा काढा नाहीतर भिंतीकडं बघत बसा, हा आकडा फार हलत नाही. 50 माणसं म्हणजे 5000 वॉट. तासाभरात 5 युनिट झाले, महावितरणच्या मीटरवर मोजतात ते युनिट. आता तुमचा मंडप 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच धरू. आतली हवा 300 किलोच्या आसपास भरेल. तेवढी हवा एक अंशानं तापवायला सुमारे 300 किलोज्यूल लागतात (एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल). माणसांची निम्मीच उष्णता थेट हवेला मिळाली असं धरलं, तरी दोन-सव्वादोन मिनिटांत एक अंश. म्हणजे नवल करायचंच तर उलटं करा, की तासाभरात दोनच अंश कसा चढला! कारण फरशी, भिंती आणि उघडं दार त्यातलं बरंच गिळून टाकतात.

शिवाय डोक्यावर पत्रा आहे, तो विसरू नका. भर दुपारी उन्हातून एका चौरस मीटरवर 1000 वॉटपर्यंत ऊर्जा पडते. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याचा दहावा हिस्सा पडला तरी 80 चौरस मीटर पत्र्यावर 8 किलोवॉट होतात. एप्रिलमध्ये सात वाजता तुमच्या पत्र्याला हात लावून बघा, मग कोण किती तापवतंय ते कळेल.

आता आवाजाचा वाटा. साध्या बोलण्यातून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती एका वॉटच्या लाखाव्या भागाएवढी असते. अगदी बेंबीच्या देठापासून ओरडलात तर एक मिलिवॉट, म्हणजे हजारावा भाग. पन्नासही जण तसे ओरडले तर 0.05 वॉट. त्याच लोकांच्या अंगातून त्याच वेळी 5000 वॉट निघतायत. एकास एक लाख असा हा हिशेब आहे. आवाज शेवटी भिंतीत, कपड्यांत मुरून उष्णताच होतो, इतपत महाराजांचं म्हणणं बरोबर. पण एक मिलिवॉटनं 150 मिली चहाचं पाणी 25 अंशांवरून 95 अंशांवर न्यायचं तर 44 किलोज्यूल लागतील, म्हणजे रात्रंदिवस न थांबता 500 दिवस, तेही पाण्यातला एक थेंबभर ताप बाहेर जाऊ न देता. चहा गॅसवर ठेवलेलाच बरा.

रेणूंच्या हालचालीचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण बारावीची हुशार पोरंही तिथंच अडकतात. हवेचे रेणू काही न करताही सेकंदाला साधारण 500 मीटर वेगानं सैरावैरा पळत असतात. तापमान म्हणजे या सैरावैरा पळण्याचं माप. कानठळ्या बसतील असा 94 डेसिबलचा आवाज त्यात भर घालतो ती सेकंदाला अडीच मिलिमीटरच्याही आतली, आणि ती भरही शिस्तीची असते, सगळे एका दिशेनं पुढं, मग सगळे मागं. आठवडी बाजारातली रेटारेटी आणि दिंडीतली पावली यात जो फरक, तोच इथं. दोन्हीकडं माणसं हलतायतच, पण बाजारातल्या गर्दीला पावली म्हणत नाहीत. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1840 च्या दशकात वजन खाली सोडून पाण्यात पाती फिरवली आणि हालचालीची उष्णता किती होते ते मोजून दाखवलं. तेव्हापासून हा हिशेब कुणाच्या श्रद्धेवर अवलंबून राहिलेला नाही. जेवढी हालचाल खर्ची पडेल तेवढीच उष्णता मिळते.

तळहातांची गोष्ट वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर जास्त मजेची आहे. मन निवांत झालं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, पोटातलं गरम रक्त हातापायांकडं जास्त वाहतं आणि बोटं तापतात. अंगात नवीन उष्णता तयार झालेली नसते, आहे तिचीच वाटणी बदलते. उलट कातडीवाटे जास्त उष्णता निसटून जाते. 1970 मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस या अमेरिकी संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजला तर तो कमी लागत होता. म्हणजे शांत ध्यानात अंगातली भट्टी किंचित मंदावते. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की नुसतं स्वस्थ बसून घेतलेल्या विश्रांतीतही साधारण तेवढीच घट होते.

व्हॉट्सॲपवर फिरणारा 'तिबेटी साधूनं शरीराचं तापमान 8 अंशांनी वाढवलं' हा मजकूर तुम्हीही पाहिला असेल. त्याचं मूळ हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांच्या 1982 च्या शोधनिबंधात आहे. धरमशाळेजवळ तुम्मो, म्हणजे अंगात ऊब जागवायची तिबेटी साधना, करणाऱ्या तिघांची मोजमापं त्यात आहेत. 8.3 अंशांपर्यंत वाढ झाली ती हातापायांच्या बोटांत. शरीराच्या गाभ्याचं तापमान 8 अंशांनी वाढलं असतं तर ते 45 झालं असतं आणि साधूबाबा आपल्यात राहिले नसते. 2013 मध्ये संशोधक मारिया कोझेव्हनिकोव्ह आणि सहकाऱ्यांनी तुम्मो करणाऱ्यांना पुन्हा मोजलं, तेव्हा जोरकस श्वास कोंडून करायच्या प्रकारात शरीराचं तापमान 38.3 पर्यंत गेलेलं दिसलं. सौम्य प्रकारात तसं झालं नाही. स्नायू आवळले, जोर लावला की उष्णता वाढते. शेतात कोळपं ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

तुम्हाला ही ऊब नेमकी कधी जाणवते ते आठवून बघा. माझा अंदाज आहे, मार्गशीर्ष-पौषात पहाटे. आपल्याकडं त्या दिवसांत पारा एक अंकी होतो, बोटं गारठलेली असतात आणि रक्त वाढलं की फरक चटकन कळतो. मे महिन्यात बोटं आधीच तापलेली असतात, तेव्हा जाणवायला जागाच राहत नाही.

हाताला मुंग्या येणं, डोकं हलकं होणं हे भस्त्रिका किंवा जोरात कपालभाती केल्यावर होत असेल तर ते कुंडलिनी जागी होण्याचं लक्षण म्हणून मिरवू नका. भराभर श्वास सोडल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानंही हेच होतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीचं जे वर्णन केलंय ते मला फार प्रिय आहे, पण ते मुंग्यांच्या पावतीवर तपासायचं नाही, असं माझं मत.

एक काळजीचं सांगतो. हवा 35 अंशांच्या वर गेली की कातडीपेक्षा बाहेरच जास्त गरम होतं, मग अंगातली उष्णता बाहेर काढायला घामच उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2400 ज्यूल घेऊन जातो. नुसतं बसून राहायलाही तासाला 150 ग्रॅम घाम वाळावा लागतो. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा त्याला साथ देतो, कूलर आणि माठ त्याच जिवावर चालतात. पण मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर जसा नुसताच ओल सोडतो तसा घामही अंगावरून ओघळतो, वाळत नाही. अशा दिवसांत पत्र्याखाली म्हाताऱ्या माणसांना तासभर भस्त्रिका करायला लावणं धोक्याचं आहे. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये. उजाडायच्या आत उरका, दोन्हीकडची दारं उघडी ठेवा, पत्र्याला वरून चुना मारून घ्या.

महाराजांशी वाद घालू नका, त्यांनाच सोबत घ्या. एका दिवशी नेहमीसारखा ॐकार करा. दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तीच वेळ, दारंही तशीच, पण तासभर सगळ्यांनी गप्प बसायचं. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर वाचायचा आणि तो माणसांच्या श्वासापासून आणि पत्र्यापासून लांब टांगायचा. बोटं मोजायला शाळेत कोरोनाच्या वेळची कपाळाला लावायची गन पडून असेल, ती चालेल. फक्त तिच्यात 'सरफेस' मोड निवडा. 'बॉडी' मोडमध्ये ती कातडीचं तापमान स्वतःच वाढवून अंगाच्या आतलं तापमान म्हणून दाखवते. दोन्ही दिवशी पारा जेवढा चढेल त्यात मोठा फरक निघणार नाही असं मला वाटतं. आकडे आले की इथं टाका. भिंती विटांच्या आहेत की दगडी तेही लिहा, दगडी असतील तर त्या बरीच उष्णता पितात आणि वरचं गणित बदलावं लागेल.