पोर्ट उघडेना म्हणून राउटर बदलू नका

पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून ठरलेल्या नंबरच्या दारावर (पोर्टवर) आलेली मागणी राउटरने घरातल्या ठरलेल्या यंत्राकडे पाठवण्याचे, प्रश्न परत आलेत, तेच ते. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला नेटचा पत्ता) काय दिसतोय? तर लोक वायफायचा पासवर्ड पाठवतात. तो नकोय मला, आणि कुणालाच पाठवत जाऊ नका.

प्रश्न (जुळे सोलापूर): डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ८००० पोर्ट फॉरवर्ड केला, रूल बरोबर आहे, तरी टेस्ट साइटवर क्लोज्डच येतं. दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसरा राउटर घेतला, आता तो तिसरा घ्या म्हणतोय.

घेऊ नका. वॅन आयपी बघा, आणि गुगलवर ‘माय आयपी’ टाकून जो येतो तो बघा. दोन्ही एकच असतील तर पुढे बोलू. वॅन आयपी १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय, आणि राउटर कितीही भारी आणला तरी बाहेरून काही आत येणार नाही. वाड्यात भाडेकरू आहात असं समजा, तुमच्या खोलीचं दार तुम्ही सताड उघडं ठेवलंय पण वाड्याचा दिंडी दरवाजा मालकाकडून बंद आहे, मग पाहुणा येणार कुठून. आयपीव्ही४ (नेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चे एकूण पत्ते साधारण ४३० कोटी, आपल्या आशिया भागातला मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला, म्हणून कंपन्या एका पब्लिक (बाहेरून थेट दिसणाऱ्या) आयपीवर बरीच घरं बसवतात. यात फसवणूक नाही, फक्त कनेक्शन देताना हे कोणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. कंपनीला फोन करून पब्लिक किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मिळेल का, वेगळे पैसे किती, आणि बाहेरून येणारे कुठले पोर्ट ते स्वतः बंद ठेवतात का, हे तिन्ही विचारा. उत्तर मेलवर मागा, फोनवरचा ‘हो सर होतंय’ कामाचा नाही.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० पासून सुरू झाला तर आधी घरातच बघा, कंपनीचा फायबर बॉक्स आणि तुमचा राउटर असे दोन राउटर एकामागे एक बसलेले असू शकतात. आणि हो, टेस्ट करताना डीव्हीआर चालू ठेवा, ऐकणारं कोणी नसलं की पोर्ट बंदच दिसणार.

प्रश्न (नवी पेठ): फॉरवर्डिंग आठवडाभर चाललं, लाइट जाऊन आल्यापासून बंद.

बहुतेक डीव्हीआरचा आतला आयपी बदललाय, राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेसवर (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) आयपी रिझर्व्ह करा.

प्रश्न (होटगी रोड): घरातल्या वायफायवरून माझाच पब्लिक आयपी उघडत नाही, मोबाईल डेटावरून उघडतो.

मग चालतंय की वो. काही राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, टेस्ट नेहमी डेटावरूनच करा.

प्रश्न (विजापूर रोड): व्हिडिओ बघून फायबर बॉक्स ब्रिज मोडला टाकला, नेट गेलं, १९२.१६८.१.१ (बॉक्सचं सेटिंगचं पान) पण उघडेना. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी तक्रार केलीय, अजून कोणी आलं नाही. पिन घालून रीसेट करू का?

करू नका! रीसेटने कंपनीने त्यात भरलेली सेटिंग उडू शकते आणि मग सगळंच त्यांच्या माणसावर अडतं. ब्रिज केलं की तो बॉक्स स्वतः डायल करायचं सोडतो, ते काम तुमच्या राउटरने करायचं असतं, म्हणून पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि असेल तर कंपनीने लाइनला दिलेला व्हीलॅन नंबर आता तुमच्या राउटरमध्ये टाकायला लागतो. तो व्हिडिओवाला हे सांगत नाही, लाइक करा म्हणून मात्र तीनदा सांगतो. एवढं टाकूनही लागेना तर कंपनीकडे जुन्या बॉक्सचा मॅक बांधलेला असेल, तो सोडवून घ्या. लँडलाइन त्याच बॉक्समधून असेल तर ती पण बंद पडू शकते. आणि तुम्हाला फक्त वरच्या मजल्यावर वायफाय पाहिजे असेल तर ब्रिजची गरजच नव्हती, आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला (नुसतं वायफाय पसरवायच्या कामाला) टाकायचा, झालं. तक्रारीचा नंबर घेऊन वरच्या पातळीवर एस्केलेट करा, गड्डा संपून मैदान रिकामं झालं आता.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी): टॉवेलचा कारखाना आहे. सीसीटीव्हीवाल्याने ‘पोर्टची कटकटच नको’ म्हणून डीव्हीआर डीएमझेडला टाकला, त्याचे वेगळे पैसे घेतले. मोबाईलवर मस्त दिसतं, पण हल्ली नेट स्लो आहे आणि डीव्हीआर आपोआप रीस्टार्ट होतो.

हा प्रश्न वाचून माझा चहा गार झाला. डीएमझेड म्हणजे एक पोर्ट नाही, सगळेच्या सगळे ६५,५३५ पोर्ट त्या डीव्हीआरकडे मोकळे सोडणं. आणि वर त्याचे पैसे! २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस असाच पसरला, कंपनीतूनच ठरून आलेले साठेक पासवर्ड घेऊन तो नेटवर उघड्या पडलेल्या कॅमेऱ्यांचे आणि डीव्हीआरचे दरवाजे वाजवत फिरायचा, आणि लागण झालेल्या त्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास आडव्या केल्या. त्यातल्या बहुतेक मालकांना पत्ताही नसणार, कॅमेरा दिसतोय म्हणजे सगळं ठीक. ‘सोलापुरातला आमचा डीव्हीआर कोण बघतंय’ हे मला दर आठवड्याला ऐकायला लागतं. माणूस बघत नाही हो, मशीन बघतंय, चांगल्या लाइनवरून जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते तासाभरात चाळून होतात. पोर्ट ८००० चा ८०८१ केला म्हणून लपत नाही. रीस्टार्ट केल्यावर मिराई मेमरीतून जायचा, पण पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत हजर.

आजच डीएमझेड बंद करा, राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून बसेल. पासवर्ड बदला, फर्मवेअर (डीव्हीआरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. बाहेरून बघायचंच आहे तर व्हीपीएनमधून (चावीने उघडणारा खासगी रस्ता) बघा, वायरगार्ड हे व्हीपीएन असेल तर ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट लागतो आणि चावी नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. तुमच्याकडे पगार वाटायच्या केबिनमध्ये पण कॅमेरा असेल, तो कोणाकोणाला दिसतोय याचा विचार करा. रीस्टार्टचं कारण मात्र अडॅप्टर किंवा हार्ड डिस्क पण असू शकतं, इथे बसून मी व्हायरसच आहे असं म्हणणार नाही. नेटवर्कचं काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, ज्याने डीएमझेड लावलं त्याच्याकडून नको.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): गेममध्ये नॅट टाइप स्ट्रिक्ट (बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी अडते) येतो.

घरात डीव्हीआर-कॅमेरे नसतील तर यूपीएनपी चालू करून बघ, सीजीनॅट असेल तर फरक पडायची आशा कमी. लॅग हा वेगळा विषय, आधी केबल लावून खेळ.

प्रश्न (कासेगाव): द्राक्षबागेत सिमवाला राउटर आणि कॅमेरा आहे. पोर्ट फॉरवर्ड केलं तरी दिसेना. डीलर म्हणतो मोठा अँटेना लावा.

अँटेनाने रेंज वाढते, पब्लिक आयपी मिळत नाही. साध्या सिमवर सहसा सीजीनॅटच असतं, त्या राउटरमधलं फॉरवर्डिंगचं पान तुमच्यासाठी शोभेचं आहे. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, पासवर्ड नीट ठेवा, आणि महिन्याला डेटा किती जातो ते आधी मोजा. अँटेनाचे पैसे दिले नसतील तर देऊ नका.