चालवणारा एक, हप्ते तीन

आपल्या पत्राचा आशय असा : आपल्या नावावर दोन मोटारी आणि एक चार आसनी विमान आहे, सहा वर्षांत आपण एकही दावा केलेला नाही, तरीही यंदा विम्याच्या नूतनीकरणात तिन्हींचे हप्ते वाढले. एका माणसाला एका वेळी एकच वाहन चालवता येत असताना तिन्हींचा पूर्ण हप्ता घेणे बेकायदा नाही काय, असे आपण विचारता.

आपला संताप समजतो, पण या मुद्द्यावर न्यायालयात दावा टिकणे कठीण आहे. हप्ता ही कराराची किंमत असते आणि ती जास्त वाटते एवढ्यावरून न्यायालय सहसा तिच्यात हात घालत नाही. शिवाय उभी मोटारही चोरीला जाते आणि हँगरमधल्या विमानालाही आग लागते. दुसरी मोटार आपला मुलगा चालवतो, हे तर आपणच लिहिले आहे.

कायदा लक्ष घालतो तो हप्ता ठरवण्याच्या निकषांत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2011 मध्ये स्त्री-पुरुष भेदावर हप्ता ठरवण्याची सवलत रद्द केली. ब्रिटनमध्ये 2022 पासून मोटार विम्याच्या जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावता येत नाही. आपली वाहने जेथे नोंदलेली आहेत तेथील नियामकाचे असे काही नियम आहेत का, हे प्रथम पाहावे. विमानांच्या विम्यात मात्र अशी बंधने क्वचितच आढळतात. विमाने मोजकी असल्याने तेथे दर ठरवणाऱ्याच्या अंदाजाला आणि वैमानिकाच्या अनुभवाला फार वजन असते.

म्हणूनच आपण जोडलेला प्रस्ताव अर्ज मी दोनदा वाचला. ‘या प्रकारच्या विमानावरील उड्डाणतास’ या रकान्यात 40 हा आकडा आहे आणि तो सहा वर्षांपूर्वीचा आहे. लॉगबुकच्या शेवटच्या पानावर बेरीज 310 आहे. कंपनी आजही आपल्याला नवखे वैमानिक समजून दर लावत असावी. लॉगबुकची प्रत जोडून दुरुस्ती कळवा, हप्त्याचे निकष लेखी मागा आणि ज्या महिन्यांत उड्डाण होणार नाही त्यांसाठी केवळ जमिनीवरील जोखमीचे संरक्षण मिळेल का, हेही विचारा. विमानाचे मान्य मूल्य, म्हणजे ते पूर्ण नष्ट झाल्यास मिळायची आधीच ठरलेली रक्कम, जुन्या बाजारभावावर राहिले असेल, तर तेही तपासून घ्यावे.

मुलाचे नाव चालकांच्या यादीतून गाळण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तो मानू नका. विमा करारात दोन्ही पक्षांनी परम सद्भावाने, म्हणजे महत्त्वाची माहिती न लपवता, वागावे, हे तत्त्व इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 मध्येच एका खटल्यात मांडले. त्या खटल्यात विमेदारच जिंकला होता, हे विशेष. पण जाणूनबुजून लपवलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि मग भरलेले सगळे हप्ते असूनही भरपाई नाकारली जाऊ शकते.

उत्तर येईपर्यंत मुदत संपू देऊ नका. आक्षेप राखून, तसे पत्रात नोंदवून, हप्ता भरा. कंपनीने दाद दिली नाही, तर तेच पत्र विमा लोकपालाकडे किंवा नियामकाकडे करायच्या तक्रारीला जोडता येईल.