लहान बैठकीसाठी सोफा: आधी आतली जागा मोजा, मग बाहेरची

तुमची अडचण मला समजली ती अशी. बैठकीची खोली १० बाय १२ फूट. १२ फुटांच्या भिंतीला सोफा, समोर टीव्हीचं युनिट, सोफ्याच्या एका टोकाला बाल्कनीचं दार. घरात चौघं, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात. मनात एल आकाराचा सोफा आहे, पण खोली भरून जाईल ही धास्ती. म्हणून ‘कॉम्पॅक्ट, मॉडर्न’ अशी चिठ्ठी लावलेला एखादा थ्री-सीटर उचलावा का, असं विचारताय.

उचलू नका, निदान ती चिठ्ठी बघून तरी नको. ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाला ठरलेलं माप नाही. बरेचदा बाहेरचा आकार तोच राहतो आणि आतली बसायची जागा तेवढी कमी होते. मी स्वतःच्या घरासाठी तीन सोफे घेतले, नातेवाइकांबरोबर किती दुकानं पालथी घातली त्याची गणती नाही. या सगळ्यातून एकच गोष्ट मनात पक्की झाली: सोफा किती मोठा दिसतो याला महत्त्व नाही, त्यातला किती भाग बसायला मिळतो ते बघायचं.

उदाहरण घ्या. एक सोफा बाहेरून ८४ इंच, म्हणजे ७ फूट. हात गुबगुबीत, प्रत्येकी १० इंचांचे. २० इंच हातांत गेले, बसायला उरले ६४. दुसरा सोफा ७२ इंचांचा, हात ४ इंचांचे. ८ इंच गेले, उरले ६४. दोन्हींवर तीन माणसं तेवढीच ऐसपैस किंवा तेवढीच दाटीवाटीने बसणार, माणशी साधारण २१ इंच. पण दुसऱ्याने तुम्हाला भिंतीवरचा एक अख्खा फूट परत दिला. तुमच्या घरात तो फूट बाल्कनीच्या दारापाशी मोकळा राहील. दुकानात जाताना टेप न्या आणि पहिलं माप हातांच्या आतल्या बाजूंमधलं घ्या. माणशी २१-२२ इंच मिळत असतील तर छान. १९-२० वर आलं की तो थ्री-सीटर नावापुरता, तिसरा माणूस कडेवर बसतो आणि पाचव्या मिनिटाला उठतो.

आता दुसरं माप, जे बहुतेक जण विसरतात: पुढच्या कडेपासून पाठीच्या मागच्या टोकापर्यंतचं. दुकानदार याला डेप्थ म्हणतात. लहान घरात जागा खाते ती डेप्थ. तुमच्या १० फुटांचा, म्हणजे १२० इंचांचा हिशेब मांडू. सोफा भिंतीला अगदी चिकटत नाही, प्लगसाठी आणि पाठीच्या उतारासाठी २ इंच सुटतात. ३८ इंच डेप्थचा सोफा, पुढे पाय ठेवायला १६ इंच, टीपॉय २० इंच, समोर टीव्हीचं युनिट १५ इंच. टीपॉय आणि युनिटच्या मध्ये उरले २९ इंच. तिथूनच सगळ्यांची ये-जा. एक माणूस जाईल, पण समोरून दुसरा आला की कुणीतरी अंग चोरून उभं राहणार. हाच सोफा ३२ इंचांचा घेतला की वाट ३५ इंचांची होते. सहा इंचांनी रोजच्या वावरण्यात किती फरक पडतो ते राहायला लागल्यावर कळतं.

मग ३२ इंचांत बसायला कमी पडत नाही का? पाठ टेकून सरळ बसायला गादीची डेप्थ २० ते २२ इंच पुरते. जास्तीचे इंच जातात जाड पाठीत आणि तिच्यावर ठेवलेल्या सैल उशांत. ज्यांना पाय वर घेऊन, मांडी घालून बसायची सवय आहे त्यांनी २३-२४ पर्यंत जावं. कसोटी सोपी आहे: कंबर पाठीला पूर्ण टेकवून बसा आणि गादीची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जातात का पाहा. बोटं गेली नाहीत तर कड पोटरीला रुतते, माणूस पुढे सरकतो, पाठ सुटते आणि तासाभराने कंबर बोलू लागते. घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाला ही कसोटी करायला लावा.

सासूबाईंबद्दल स्पष्टच सांगते. आजकालचे ठेंगणे, खोल, मऊ सोफे दुखऱ्या गुडघ्यांसाठी वाईट. बसताना माणूस आत जातो, गुडघे कमरेच्या वर येतात आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर पडतो. त्यांना जमिनीपासून १८-१९ इंच उंचीची, न दबणारी बैठक हवी आणि रेटा द्यायला हात हवा. इथे उंची मोजायची ती माणूस बसल्यावरची; १८ इंचांची मऊ गादी वजन पडलं की १५ वर येते. पण त्यांच्यासाठी म्हणून सगळा सोफाच उंच आणि कडक घेतला तर मुलांचे पाय लोंबकळतील. माझ्या मते ६ फुटांचा सोफा घ्या आणि त्यांच्यासाठी हातांची एक स्वतंत्र खुर्ची, २६-२७ इंच रुंदीची, सोफ्याला काटकोनात. चौघांची सोय होते, त्यांची हक्काची जागा होते आणि खुर्ची हलवता येते. गप्पा मारतानाही एका रांगेत बसण्यापेक्षा असं कोनात बसणं बरं पडतं, मान वळवावी लागत नाही.

एल आकाराचा मोह मलाही झाला होता. एलच्या कोपऱ्यात कुणी नीट बसत नाही, दोघांचे पाय एकमेकांत येतात. लाउंजरवर, म्हणजे एलच्या पुढे आलेल्या लांब बैठकीवर, खरं तर एकच माणूस पाय पसरतो, बाकीच्यांना त्याला वळसा घालून जावं लागतं. तेव्हा मी ऑर्डर देण्याआधी एक केलं, तुम्हीही करा. सोफ्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडली आणि जमिनीवर पसरून दोन दिवस तशीच ठेवली. घरच्यांना सांगितलं, इथे सोफा आहे असं समजून वावरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर बाकी कागद जसाच्या तसा, फक्त लाउंजरचा बाहेरचा कोपरा फाटून चुरगळला होता. सांगूनही सगळ्यांचे पाय तिथूनच गेले होते. तो कोपरा स्वयंपाकघराच्या वाटेत येत होता आणि कागदावर आखलेल्या नकाशात मला ते दिसलं नव्हतं. मी सरळ सोफा घेतला आणि सोबत एक पफी. पाय पसरायचे तेव्हा ती पुढे ओढते, एरवी टीपॉयखाली सरकवते, चार माणसं जास्त आली की तीच बसायला होते.

तरीही एलच घ्यायचा असेल तर लाउंजर डावीकडे की उजवीकडे हे शब्दांवर सोडू नका. काही जण सोफ्यावर बसून डावं-उजवं मोजतात, काही समोर उभं राहून. ऑर्डरच्या कागदावर आकृती काढा, दार कुठे आणि लाउंजर कुठे ते दाखवा आणि त्यावर सही घ्या.

घरात नेण्याचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवून टाका. माझा पहिला सोफा जिन्याच्या वळणावर अडकला. दोघांनी तो आडवा केला, उभा केला, तिरका केला. भिंतीचा रंग खरवडला गेला, पण सोफा काही वळेना. शेवटी परत गेला. दाराचं माप घेताना दार पूर्ण उघडून, फळीची जाडी सोडून जी मोकळी जागा उरते ती मोजा. जिन्याचं वळण, कठड्याची उंची, लिफ्टच्या दाराची उंची, सगळं लिहून न्या. सोफा उभा करून दारातून न्यायचा असेल तर त्याची डेप्थ किंवा पाठीची उंची, यांतलं एक तरी माप त्या मोकळ्या जागेपेक्षा कमी हवं. पाय आणि हात सुटे होतात का ते विचारा. पाय काढले की पाच-सहा इंच वाचतात आणि कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं.

आता जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल, कारण पैसा खरा तिथे जातो.

फोमबद्दल विचारलं की ‘एकदम सॉफ्ट’ किंवा ‘एकदम हार्ड’ असं उत्तर येतं. आपल्याला हवा असतो आकडा. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोमध्ये. रोजच्या वापरातल्या बैठकीला ३२ च्या खाली जाऊ नका, ४० मिळाला तर उत्तम. पाठीला हलका फोम चालतो, कारण तिथे भार कमी. डेन्सिटी आणि कडकपणा या मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कमी डेन्सिटीचा फोमसुद्धा नवा असताना छान कडक लागतो, आणि वर्षभरात ठरलेल्या माणसाच्या ठरलेल्या जागी खड्डा पडतो. माझ्या दुसऱ्या सोफ्याचं हेच झालं. दुकानात दाबून पाहिला तेव्हा टणक होता, चौदाव्या महिन्यात मधली जागा बशीसारखी झाली. बिलावर फोमबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून काही म्हणताही आलं नाही. तेव्हापासून डेन्सिटीचा आकडा बिलावर लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. शक्यतो चेन लावलेल्या सुट्या गाद्या घ्या. फोम बसला तर तेवढाच बदलता येतो आणि दर महिन्याला गादी उलटून जागा बदलली की झीज सारखी होते. चेन आहे म्हणजे खोळ धुता येते असं मात्र धरून चालू नका; पुष्कळदा ती फोम आत घालण्यापुरतीच असते आणि धुतली तर खोळ आटते.

सांगाडा लाकडाचा किंवा चांगल्या प्लायवूडचा हवा. पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत, स्क्रू कालांतराने सैल होतात आणि सोफा कुरकुरायला लागतो. पुढचा एक पाय सहाएक इंच उचलून पाहा. तोपर्यंत शेजारचा पुढचा पायही जमिनीवरून सुटला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतोय. मग सोफ्याखाली हात घाला. तळाच्या काळ्या कापडातून झिगझॅग स्प्रिंगा लागतात की पट्टे, ते बोटांना कळतं. दोन्ही चालतात, फक्त पट्टे जवळजवळ आणि ताणून बसवलेले असावेत. सहा फुटांच्या पुढच्या सोफ्याला मधोमध एक जादा पाय असेल तर बरं.

कापडाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: कृत्रिम चामडं रोजच्या बैठकीला नको. उष्णता, दमट हवा आणि घाम यांनी वरचा पॉलियुरेथेनचा थर तडकतो आणि पापुद्रे सुटू लागतात. एकदा सुरू झालं की दुरुस्ती नाही, पूर्ण कापडच बदलावं लागतं. घट्ट विणीचं, पॉलिस्टर मिसळलेलं कापड घ्या. घर्षण किती सोसतं हे मार्टिनडेल नावाच्या चाचणीने मोजतात, आकडा असतो घासण्याच्या फेऱ्यांचा. २०,००० च्या वरचा आकडा घरच्या वापराला पुरतो, मुलं असतील तर २५,००० ते ३०,००० बघा. मांजर असेल तर सैल धाग्यांचं, फुगीर विणीचं कापड टाळा. रंग तुमच्या आवडीचा घ्या. गडद सोफ्याने खोली लहान होते ही भीती मला अनाठायी वाटते. भिंतीच्या रंगाशी त्याची फार फारकत नसली म्हणजे झालं.

खोली मोकळी दिसायची असेल तर रंगापेक्षा पायांचा उपयोग जास्त. पाच-सहा इंचांच्या बारीक पायांवर सोफा उभा असला की खालची फरशी भिंतीपर्यंत दिसते आणि झाडूही आतपर्यंत जातो. सरळ रेषा, बारीक हात, उघडे पाय ही शैली जुनीच आहे. वास्तुकलेचं शिक्षण घेतलेल्या फ्लोरेन्स नोल यांचा १९५४ चा सोफा बघा, धातूच्या सडपातळ पायांवरची एक चौकट आणि तिच्यात बसवलेल्या गाद्या. आजच्या दुकानातले निम्मे ‘मॉडर्न’ सोफे त्याच कुळातले वाटतात. या शैलीत एक खोट असते: पाठ ठेंगणी. खिडकीखाली ती सुंदर दिसते, पण दोन तास टीव्ही पाहिल्यावर मानेला आधार उरत नाही. पाठ निदान खांद्याच्या पात्यांच्या वरपर्यंत यावी.

सोफा-कम-बेडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार ते सुचवणारच. महिन्यातून दोन-चारदा कुणी खरंच झोपायला असेल तरच घ्या. तो उघडल्यावर पुढे किती येतो ते मोजा, कारण टीपॉय दर वेळी उचलून कुठेतरी ठेवावा लागेल. पाठ पाडून होणारा असेल तर भिंतीपासूनही काही इंच सोडावे लागतात, म्हणजे पुन्हा डेप्थ वाढली.

शेवटची निवड दोन सोफ्यांवर आली की प्रत्येकावर वीस मिनिटं बसा. फोन बघा, गप्पा मारा, एकदा आडवं होऊन पाहा. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच सोफे चांगले वाटतात. सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांना कुणाचाही हात न धरता उठायला सांगा.

तुमच्यासाठी माझ्या डोळ्यांपुढे आहे तो असा: बाहेरून ७२ इंच, हात ४ इंच, डेप्थ ३२-३३, सुट्या गाद्या, उघडे पाय, सोबत ती खुर्ची आणि एक पफी. बाल्कनीचं दार आत उघडतं की बाहेर, की सरकतं, तेवढं कळवा. आत उघडत असेल तर दाराची फळी फिरते तेवढी जागा सोडून मगच वर्तमानपत्रं अंथरा.