विसर्जनानंतर तो झोपला का?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. दिवाळीपासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात, कामावर सारखे खाडे. फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिलीय, तीन आठवडे झाले. सासूबाई म्हणतात, मन खंबीर कर, गोळ्यांनी माणूस खुळा होतो. गणपतीत किती छान होते हो! रात्र रात्र मंडळात, अंगात नुसती वीज, बुलेटसुद्धा घेतली. सासूबाईंना कसं समजावू?

सासूबाईंचं राहू दे. अख्खं पत्र त्यांच्यावर खर्च केलंस आणि गणपती दोन ओळींत उरकलास. मला त्याच दोन ओळी हव्यात.

गणपतीत तुमच्याकडे झोपतं कोण? म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण बाकीची पोरं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मेल्यासारखी पडली असतील. तुझा नवरा झोपला का? की त्यानंतरही तीन तासांच्या झोपेवर टुणटुणीत, बोलणं थांबेना, अडवलं की अंगावर येणार? आणि ती बुलेट ठरवून घेतली, की एका दुपारी हप्त्यावर उचलून आणली?

जागरणानं माणूस थकतो. झोप नाही आणि थकवाही नाही, वागणंही बदललेलं, असं सलग चार दिवस किंवा जास्त चाललं तर तो हायपोमेनिया किंवा मेनिया असू शकतो, म्हणजे मनाला आलेलं उधाण, पहिल्यात सौम्य, दुसऱ्यात जोरात. मग दुखणं नुसत्या डिप्रेशनचं नाही, बायपोलरचं असू शकतं, म्हणजे कधी असं उधाण, कधी डिप्रेशन. पडून राहण्याचा काळ दोन्हींत सारखाच दिसतो, फरक मागच्या दिवसांत असतो. तो विचारलाच गेला नाही तर पंचाईत, कारण बायपोलरमध्ये एकटी डिप्रेशनची गोळी काही जणांना थेट दुसऱ्या टोकाला नेते.

पत्रावरून निदान होत नसतं. ते मनोविकारतज्ज्ञ करतील, याच आठवड्यात. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. तू आत जा त्याच्यासोबत. तो गणपतीचं सांगणार नाही, त्याच्या लेखी ते वर्षातले सर्वांत झकास दिवस होते. एका कागदावर तारखा लिही, रोज किती तास झोप, किती पैसे उडाले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे पहाटे तीनचे मेसेज असतील, वेळेसकट, ते दाखव. गोळीची स्ट्रिपही ने.

तोवर गोळी मनानं बंद करू नकोस, एकदम सोडली की चक्कर, चिडचिड होते. पण झोप अचानक उडाली आणि स्वारी ताजीतवानी दिसली, तर 'बरे झाले' म्हणून पेढे वाटू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. पुढे लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणारं औषध, दिलं तर रक्ततपासणी चुकवायची नाही, कारण त्याची रक्तातली लागू पडणारी आणि बाधणारी पातळी जवळजवळ असतात. अंगदुखीला आयब्युप्रोफेनही विचारल्याशिवाय नाही, ती पातळी वाढवते.

मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटा सोडू नकोस, गोळ्या तुझ्या ताब्यात ठेव आणि १४४१६ लाव. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, रात्रीही.

आता सासूबाई. त्याच्या वडिलांना, काकांना असं कधी झालं होतं का, लग्नाआधी त्याचे असे दिवस आले होते का, हे त्या घरात त्यांनाच ठाऊक. डॉक्टर नेमकं हेच विचारणार. आज संध्याकाळी चहा टाक आणि विचार. गोळ्यांचा विषय मात्र त्या चहात काढू नकोस.